टेलिस्कोपिक बेसिन रेंच: जुन्या नळाचा जाम झालेला नट याने खरंच निघतो का?

सुरुवातीलाच सांगून टाकते, बाथरूमच्या बेसिनचा जुना नळ स्वतः बदलायचा असेल आणि खाली वाकून बघितल्यावर नट गंजून नळालाच चिकटून बसलेला दिसत असेल तर बेसिन रेंच घ्याच, पण त्याच्यासोबत पेनिट्रेटिंग ऑइलचा, म्हणजे जाम आट्यांच्या फटीत शिरणाऱ्या पातळ तेलाचा, कॅन पण घ्या आणि मधे एक रात्र जाऊ द्यायची तयारी ठेवा, कारण नुसत्या रेंचने जाम नट निघत नाही. रेंच तुमचा हात नटापर्यंत पोचवतो, एवढंच त्याचं काम. नट सैल करायचं काम तेल आणि वेळ करतात. हे कुणी स्पष्ट सांगत नाही, मग लोक रेंच घेतात, पहिल्याच झटक्यात सगळा जोर लावतात, जबडा सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि टूल बेकार म्हणून एक स्टार देऊन टाकतात. टूल बेकार नाहीये. वापरायचा क्रम चुकतो.

मी घेतलाय तो टेलिस्कोपिक, म्हणजे दांडा लांब-आखूड होतो, बंद केल्यावर साधारण १० इंच आणि पूर्ण उघडल्यावर १७ इंच, म्हणजे अंदाजे २५ ते ४३ सेंटीमीटर. जबडा १० मिमीपासून ३२ मिमीपर्यंतचा नट पकडतो. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण याच मापाचे, याच डिझाइनचे रेंच बऱ्याच कंपन्या बनवतात आणि फरक पडतो तो नावाने नाही तर दोन-तीन बारीक गोष्टींनी, त्या पुढे सांगते.

आधी हे की हा रेंच लागतोच का. नळ वरून बघितला तर सगळं सोपं वाटतं, पण त्याला धरून ठेवणारा नट असतो बेसिनच्या खाली, भांड्याच्या मागे, भिंत आणि सिरॅमिकच्या मधल्या बोटभर फटीत. तिथे साधा पाना आडवा घातला तरी फिरवायला जागा नसते, पाईप पाना आतच जात नाही, आणि पक्कडीने धरायला गेलं तर पकड अर्धवट बसते आणि नट खरवडला जातो. बेसिन रेंचचा दांडा सरळ उभा राहतो, वरच्या टोकाला आडवा जबडा आणि खालच्या टोकाला टी आकाराचं हँडल, म्हणजे जबडा त्या फटीत आणि तुमचे हात खाली मोकळ्या जागेत. या एका कामासाठी यापेक्षा चांगली रचना मी तरी बघितलेली नाही.

आता जबडा. यात स्प्रिंग आहे की नाही हे घ्यायच्या आधी बघा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. स्प्रिंग नसलेला जबडा तुम्ही उताणे झोपून वर धरलात की स्वतःच्या वजनाने उघडतो किंवा लोळतो, मग एका हाताने तो नटावर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवायचा, आणि टॉर्च धरायला तिसरा हात कुठून आणणार? स्प्रिंगवाला जबडा नटाला आपोआप चावून बसतो. त्याची पकड एकाच दिशेने लागते, त्या दिशेला फिरवलं की दात नटात रुततात आणि जितका जोर लावाल तितके घट्ट होतात, उलट फिरवलं की जबडा नटावरून सरकतो आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन बसतो, त्यामुळे अर्धा फेरा सुद्धा पूर्ण फिरवता येत नसेल तरी थोडं थोडं करत नट खोलता येतो. घट्ट करायचं असेल तर डोकं दुसऱ्या बाजूला उलटवायचं. नवीन माणसाला वाटतं की पकडच लागत नाही, पण बहुतेक वेळा डोकं उलट्या बाजूला असतं, तेवढं एकदा बघून घ्या.

जबडा ज्या पिनवर फिरतो ती पिन पण हलवून बघा. थोडी ढिली असतेच, पण डुगडुगत असेल तर जबडा नटावर तिरका बसतो आणि तिरका बसला की सटकणार हे नक्की. माझ्या रेंचची पिन घट्ट आहे, दात धारदार आहेत, याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

लांबीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे टेलिस्कोपिकचं कौतुक करतात आणि खोल बेसिनखाली त्याचा फायदा आहेच, पण दांडा जितका बाहेर काढाल तितका तो पिळला जातो, जोर लावला की आधी दांडाच थोडा मुरडतो आणि तुमची ताकद नटापर्यंत पूर्ण जात नाही. शिवाय लांबी लॉक करणारं बटण, तिथे पण थोडी चाल असते. म्हणून जेवढी लांबी लागते तेवढीच काढायची, एक खाच पण जास्त नाही. रोजचं प्लंबिंगचं काम करणाऱ्याने एकसंध दांड्याचाच घ्यावा, घरच्या वापराला टेलिस्कोपिक बरा.

आणि माप. अर्ध्या इंची पिलर कॉक (बेसिनच्या भोकात उभा बसवलेला साधा नळ) म्हटलं की लोक अर्धा इंच म्हणजे १२-१३ मिमी मोजायला जातात आणि गोंधळतात. अर्ध्या इंची पाईप आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी असतो आणि त्यावरचा नट त्याहून मोठा. पाऊण इंची असेल तर आटेच साडेसव्वीस मिमीच्या आसपास, मग नट ३२ मिमीच्या जबड्यात बसेलच असं नाही, तेव्हा मोठ्या जबड्याचा रेंच लागतो. खरेदीच्या आधी खाली हात घालून नटाचं माप घ्या, पट्टी जात नसेल तर कागदाची पट्टी नटाला लावून खूण करा.

आता मुख्य विषयावर येते, नट जाम का होतो आणि कशाने जाम झालाय हे ओळखायचं कसं, कारण उपाय त्याच्यावर ठरतो. टॉर्च घेऊन खाली झोपा, चष्मा लावूनच झोपा, साधा नंबरचा नाही, कामाचा संरक्षक चष्मा, कारण वरून गंजाचे कण सरळ डोळ्यात पडतात. आणि रंग बघा. पांढरं, खडूसारखं, थरावर थर चढलेलं दिसतंय तर ते पाण्यातले क्षार आहेत, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, नळाच्या बुडातून पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं की आट्यांमधे हे दगडासारखं बसतं. तांबूस-तपकिरी, पापुद्रे सुटलेलं दिसतंय तर नट लोखंडी आहे आणि गंजलाय. हिरवट दिसतंय तर ब्रासवर चढलेला थर. बऱ्याच जुन्या नळांवर हे तिन्ही एकत्र असतात आणि वरून कुणीतरी सूत-सफेदा (गळती थांबवायला आट्यांवर गुंडाळायचा धागा आणि पांढरा लेप) किंवा सिलिकॉन थापलेलं असतं ते वेगळंच.

लोखंडी नट आणि ब्रासचा नळ ही जोडी सगळ्यात वाईट. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला कमी टिकाऊ धातू आधी झिजतो, इथे लोखंड, त्यामुळे असा नट नुसत्या ओलाव्यापेक्षा लवकर गंजतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो आट्यांच्या फटीत फुगून अक्षरशः पाचर मारल्यासारखा बसतो. अशा नटाला थेट जोर लावून काही होत नाही. उलट नळ, नट आणि बेसिन तिघांवरही ताण येतो, आणि सिरॅमिक दाब सहन करतं पण ताण आणि वाकवणं त्याला अजिबात सहन होत नाही, भोकाभोवती बारीक तडा गेला की संपूर्ण बेसिन बदलायची वेळ येते.

क्षार असतील तर व्हिनेगर. घरातल्या साध्या व्हिनेगरमधे पाच टक्क्यांच्या आसपास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं आणि ते कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, बुडबुडे येताना दिसतात. कापड भिजवून नटाभोवती गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि काही तास सोडून द्यायचं, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. दोन गोष्टी मात्र मनापासून सांगते. बेसिनचा ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगर त्याला लागू देऊ नका, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, तो खरवडल्यासारखा होतो आणि चकाकी सहज परत येत नाही. दुसरं, आधी तिथे ब्लीच किंवा क्लोरीनवालं क्लीनर मारलेलं असेल तर पाण्याने पूर्ण धुवून मगच व्हिनेगर लावा, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बाथरूमसारख्या छोट्या बंद जागेत तो धोकादायक आहे.

गंज असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल. इथे एक गैरसमज खूप आहे म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक घरात डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा कॅन असतो आणि तो मारला की झालं असं वाटतं. तो १९५३ साली बनवला गेला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी, गंजापासून वाचवण्यासाठी, नावातच ते आहे, पाणी हटवायचा ४० वा फॉर्म्युला. हलक्या गंजाला तो चालतो, मी पण वापरते, पण वर्षानुवर्षं जाम झालेल्या नटासाठी वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त बरं पडतं, ते अतिशय पातळ असतं आणि आट्यांच्या फटीत स्वतःच ओढलं जातं. त्याच कंपनीचा वेगळा पेनिट्रंट पण मिळतो. मारायची पद्धत महत्त्वाची. तारेच्या ब्रशने आधी सुटा गंज काढा, नाहीतर तेल गंजावरच जिरतं. मग नटाच्या खाली जिथे नळाचे आटे बाहेर दिसतात तिथे मारा, पण तेल वर चढायला हवं ना, म्हणून नटाच्या वरच्या कडेला, वॉशर आणि नटाच्या मधे, बारीक नळी घालून तिथे पण मारा. थोडं मारा, थांबा, परत मारा. मधे मधे नटाच्या बाजूला छोट्या हातोडीने किंवा पान्याच्या टोकाने हलके ठोके द्या, जोरात नाही, गंजाचा थर तडकावा एवढेच, आणि सिरॅमिकला ठोका लागणार नाही असे. मग रात्रभर सोडा. सकाळी परत एकदा मारा आणि मग रेंच हातात घ्या.

घरी बनवायचं एक मिश्रण पण लोक सुचवतात, गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. कार दुरुस्तीत वापरतात. बाथरूमच्या बेसिनखाली मला ते पटत नाही, अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, वाफ कोंडते, आणि अ‍ॅक्रिलिकचं बेसिन किंवा बरेच प्लॅस्टिकचे भाग त्याने विरघळतात.

तापवायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. ज्योत तर अजिबात नको. तेल ज्वालाग्राही, शेजारी प्लॅस्टिकचा वेस्ट पाईप, रबराची कनेक्शन नळी, आणि एकाच जागी तापलेलं सिरॅमिक तडकतं. हेअर ड्रायर चालतो पण तो तेल लावायच्या आधी, आणि त्यातही एक मेख आहे, ब्रास तापल्यावर लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं, म्हणजे लोखंडी नट आणि आतला ब्रासचा नळ दोन्ही एकत्र तापले तर पकड अजून घट्ट होते. उपयोग होतो तो तापून थंड होताना, दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि मधला गंजाचा थर मोकळा होतो. म्हणून कोमट करा, पूर्ण गार होऊ द्या, मग तेल.

आता दिशा. उताणं झोपून वर बघत असाल तर नट नेहमीसारखाच घड्याळाच्या उलट दिशेने खोलायचा, कारण तुम्ही त्याच्याकडे खालून बघताय. पण बेसिनच्या समोर उभं राहून नुसता हात खाली घातला असेल तर डोक्यात वरून बघितल्याचं चित्र असतं आणि त्या चित्रात तोच नट घड्याळाच्या दिशेने फिरतो. गंजलेला नट चुकीच्या दिशेने जोर लावून अजून आवळला जातो तो इथेच. मी सरळ मार्करने रेंचच्या हँडलवर बाण काढून ठेवलाय, खोलताना कुठे फिरवायचं त्याचा.

आणि दुसऱ्या माणसाची मदत लागतेच, हे मी ठामपणे सांगते. नट खाली फिरायला लागला की गंजामुळे तो नळालाच सोबत फिरवतो, अख्खा नळ वर गोल फिरतो आणि नट जागचा हलत नाही. वरून कुणीतरी नळ दोन्ही हातांनी घट्ट धरायला हवा, नळाला कापड गुंडाळून पाना लावला तर उत्तम. आमच्याकडे दादा वर होता आणि मी खाली.

"दादा, वर काही हलतंय का बघ."

"नळ मी धरलाय, तू दे जोर. एकदम नको, हळूहळू वाढव."

ते हळूहळू वाढवणंच महत्त्वाचं आहे. झटका दिला की जबडा सटकतो, सावकाश जोर वाढवला की दात अजून रुततात. आणि त्याआधी एक छोटी गोष्ट जी प्लंबर लोक करतात, नट आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेने ढकलायचा. केसभर हलला तरी गंजाचा जोड तुटतो आणि मग उलट दिशेने तो येतो. आमचा नट असाच निघाला, आधी कटकन आवाज आला, मग करकरत पाव फेरा, परत तेल, मग थोडा मागे थोडा पुढे करत पूर्ण खाली आला. मागे-पुढे करणं टाळू नका, सलग खोलत गेलं की सुटलेला गंज आट्यांत भरतो आणि अर्ध्यावर परत जाम होतो. हँडलवर पाईप चढवून लिव्हर लांब करता येतो, मी केला पण थोडाच, टेलिस्कोपिक दांड्यावर फार लांब पाईप चढवला तर लॉकचं बटणच आधी जाईल असं मला वाटतं.

नट निघाला तरी नळ लगेच सुटत नाही हे पण माहिती असू द्या, बुडाखाली पुट्टी किंवा सिलिकॉन असतं. पातळ प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवा किंवा मासेमारीची नायलॉन दोरी बुडाखालून करवतीसारखी ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, कड उडते.

तुलना म्हणून, मी आधी प्लॅस्टिकचं एक मल्टी टूल पण वापरून बघितलं, लांब नळीसारखं, टोकाला खाचा असलेलं, सगळ्या नटांना चालतं असं पॅकवर लिहिलेलं. नवीन प्लॅस्टिकच्या पंखवाल्या नटांसाठी ते खरंच छान आहे, हलकं आहे, जागेत जातं, नवीन नळ बसवताना मी तेच वापरते. जुन्या धातूच्या जाम नटावर त्याच्या खाचाच आधी झिजल्या. ते त्या कामासाठी नाहीच. उलट बेसिन रेंचचे स्टीलचे दात प्लॅस्टिकच्या नटावर लावले तर नटाचे पंख तुटतात, तेव्हा दोघांचं काम वेगळं आहे.

तुमचा नळ एका भोकाचा मिक्सर असेल तर थांबा, रेंच मागवायच्या आधी खाली बघा. त्यात बऱ्याचदा मोठा नट नसतोच, एक किंवा दोन बारीक आटेवाल्या सळ्या असतात, त्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी आणि छोटा लांबट नट. त्याला बेसिन रेंच निरुपयोगी, लांब बॉक्स स्पॅनर (नळीसारखा, नटावर वरून चढणारा पाना) हवा, आणि माप बहुतेक वेळा ८ ते १३ मिमीच्या मधलं कुठलंतरी. ही सळी गंजून तुटली तरी दुःख करू नका, नळ तसाही काढायचाच आहे.

आता तेल, व्हिनेगर, रात्र, सगळं करून पण नट हलत नसेल किंवा कोपरे गोल झाले असतील तर? मग नट वाचवायचा विचार सोडा आणि कापा. यासाठी सगळ्यात उपयोगी छोटं रोटरी टूल आणि कटिंग डिस्क. चीर नटाच्या एका बाजूवर उभी घ्यायची, म्हणजे नळाच्या लांबीच्या दिशेने, जवळपास आट्यांपर्यंत, मग त्या चिरेत जाड चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळायचा, नट उघडतो आणि पकड सुटते. त्याआधी तेल पूर्ण पुसून घ्या, ठिणग्या उडतात. चष्मा परत सांगते, या डिस्क पातळ असतात आणि तिरक्या पडल्या की तुटून उडतात. विजेचं टूल नको असेल तर हॅक्सॉचं नुसतं ब्लेड, एका टोकाला जाड कापड आणि टेप गुंडाळून, हाताला वेळ लागतो पण होतं. नट झिंकच्या मिश्रधातूचा असेल तर तो आधीच भुसभुशीत झालेला असतो, छिन्नीच्या हलक्या ठोक्याने तुकडे पडतात.

एक मार्ग लोकांना सुचत नाही आणि तो खूप वेळा सोपा ठरतो, बेसिनच खाली उतरवायचं. भिंतीवरचं बेसिन ब्रॅकेटवर किंवा दोन बोल्टवर असतं, वेस्ट पाईप आणि कनेक्शन नळ्या सोडवल्या, कडेचं सिलिकॉन कापलं की दोघांनी मिळून उचलता येतं. जाड टॉवेलवर उलटं ठेवलं की तोच नट समोर, उजेडात, साध्या पान्याने धरता येतो. ओट्यात बसवलेलं बेसिन असेल तर हे शक्य नाही बहुतेक, पण भिंतीवरच्याला मी आता हाच पर्याय कापण्याच्या आधी बघेन.

अँगल कॉकबद्दल, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून निघणारा, नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक, त्याबद्दल दोन ओळी, कारण जाम झालेल्या नटाच्या नादात लोक इथे धोका पत्करतात. कनेक्शन नळीचा नट खोलताना अँगल कॉकचं अंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचं, नाहीतर तो नट जाम असेल तर अँगल कॉक भिंतीतल्या पाईपसकट पिळला जातो, आणि भिंतीतला जोड तुटला तर ते काम नळाच्या दहापट मोठं होतं. जुना अँगल कॉक बंद होत नसेल तर त्यावर जोर काढू नका, मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि सुरू करायच्या आधी नळ उघडून पाणी खरंच थांबलंय का बघा.

रेंचच्या उणिवा सांगते. टेलिस्कोपिक दांड्याची मुरड आधी सांगितलीच. जबडा मोठा असल्यामुळे नट भिंतीला अगदी टेकलेला असेल तर त्याचा बाहेरचा वळसा मागे जात नाही, तिथे हा रेंच हरतो आणि बेसिन उतरवणंच बरं. हँडलची आडवी सळी दोन्हीकडे सरकते, जोर लावताना एका बाजूला घसरते आणि बोट चिमटतं, टोकाला रबर ग्रिप असती तर बरं झालं असतं. काही मॉडेलमधे खाली रॅचेट (न काढता मागे-पुढे करून फिरवायचं हँडल) लावायला चौकोनी खाच असते, पुढच्या वेळी मी तसाच बघेन कारण आडव्या जागेत टी हँडल फिरवणं दमवतं. बाकी स्टील चांगलं आहे, दात अजून तसेच आहेत, इतका जोर लावूनही जबड्याला तडा नाही.

नवीन नळ बसवताना मी दोन गोष्टी केल्या त्या इथेच लिहिते. आधी सगळं तेल पुसून साबणाच्या पाण्याने धुतलं, कारण कनेक्शन नळीच्या आतलं रबर बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या प्रकारचं असतं आणि पेट्रोलियमच्या तेलाने ते फुगतं. आणि नट ब्रासचा घेतला, त्याच्या आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. ब्रासवर ब्रास असला की लोखंडासारखा गंज येत नाही आणि सिलिकॉन ग्रीस या रबराला त्रास देत नाही. या नटाला टेफ्लॉन टेप लागत नाही, तो फक्त नळ धरून ठेवतो, पाणी अडवायचं काम तिथे नाहीच. हाताने घट्ट आणि वर रेंचने थोडासा, बस.

वेस्ट कपलिंगचा, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या, पाणी बाहेर जाणाऱ्या जोडाचा, खालचा मोठा नट पण जाम असेल तर त्यासाठी हा रेंच घेऊ नका, तो जबड्यात बसत नाही. तिथे मोठी वॉटर पंप पक्कड लागते, आणि तेल-रात्रीचा नियम तिथेही तोच.